तुटत नाही, उघडतो: झाडावरच्या कॅरॅबिनरच्या कुलपाचा आढावा

कॅरॅबिनर म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी; तिला गेट, म्हणजे स्प्रिंगवर मिटणारे दार, असते. कॅरॅबिनरच्या पाठीवर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने ओढला तर किती भार सोसेल, आडवा ओढला तर किती, आणि गेट उघडे राहिले तर किती. गिर्यारोहणासाठीच्या ईएन १२२७५ या युरोपीय मानकात साध्या कॅरॅबिनरसाठी हे किमान आकडे अनुक्रमे २०, ७ आणि ७ किलोन्यूटन आहेत. अमेरिकेत झाडावर काम करणाऱ्यांसाठीचे मानक लांबीच्या दिशेने ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २२ किलोन्यूटन मागते. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा भार. ऐंशी किलोचा माणूस दोराला शांतपणे लटकला तर एक किलोन्यूटनसुद्धा भरत नाही. हे आकडे वाचून कॅरॅबिनर विकत घेणाऱ्याला वाटते, आता काळजी नाही.

पण सरळ ओढलेला, गेट नीट बंद असलेला कॅरॅबिनर तुटून माणूस झाडावरून पडला, असे जवळजवळ घडत नाही. कॅरॅबिनर उघडतो. किंवा तो बंद झालेलाच नसतो. किंवा बंद असतो, पण भलत्याच जागी अडकवलेला असतो. किंवा फांदीवर असा आडवा पडलेला असतो की पाठीवरचा मोठा आकडा त्याला लागूच होत नाही. झाडावरच्या सुरक्षेची चर्चा दोराच्या जाडीवर आणि किलोन्यूटनवर फार वेळ रेंगाळते. मला वाटते, तिचा मोठा वाटा कॅरॅबिनर कुठे बसतो, कशाला टेकतो आणि भार नसताना काय करतो, या प्रश्नांना मिळायला हवा.

कड्यावर चढणारा आणि झाडावर चढणारा, दोघांचे साधन एकच दिसते. काम मात्र वेगळे आहे. कड्यावरच्या दोरावर बराच वेळ भार नसतो, तो पडण्याच्या क्षणासाठी असतो. झाडावरचा माणूस मात्र तासन्‌तास दोरावरच बसलेला असतो. फांदीवर पाय टेकला की दोर सैल, पाय सुटला की ताठ, हे दिवसभर शेकडो वेळा चालते. दोर सैल झाला की कॅरॅबिनर मोकळा होऊन स्वतःभोवती फिरतो, आणि पुढचा भार येताना तो आधीसारखाच बसेल याची काही खात्री नसते. त्यात बारीक डहाळ्या, सालीचे तुकडे, चीक, राळ, यंत्रकरवतीचा भुसा. कमरेचा आधारदोर, म्हणजे खोडाभोवती टाकून दुसऱ्या बाजूच्या रिंगमध्ये अडकवायचा छोटा दोर, हा तर प्रत्येक फांदी ओलांडताना काढावा आणि लावावा लागतो. इतक्या वेळा उघडझाप होणारे दुसरे जीवरक्षक साधन क्वचितच असेल.

गंमत म्हणजे झाडावरच्या कामाची सुरुवात कॅरॅबिनरशिवाय झाली. म्युनिकच्या ऑटो हर्झोगने १९१०च्या सुमारास अग्निशामक दलाच्या हुकांवरून गिर्यारोहणासाठी कॅरॅबिनर बनवला, असे सांगतात. त्यानंतर कितीतरी दशके युरोप-अमेरिकेतले झाडकामगार दोराचे टोक थेट हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या सुरक्षापट्ट्याला, बांधत, तो दोर फांदीच्या बेचक्यातून फिरवून परत आणत आणि त्याच टोकाने दोराभोवती घट्ट धरणारी, पण हाताने सरकवता येणारी गाठ मारत. यात उघडू शकेल असे दारच नव्हते. अडचण एकच: पुढच्या बेचक्यात जायचे तर गाठ सोडून पुन्हा बांधावी लागे. मग गाठीसाठी वेगळा छोटा दोर आला आणि तो हार्नेसला जोडण्यासाठी हुक आला. १९९०च्या दशकात अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ब्लेकची गाठ, तिच्यानंतर युरोपातून आलेल्या वेणीसारख्या गाठी, मग छोट्या पुल्या आणि यांत्रिक साधने, या सगळ्यांनी काम हलके केले. पण प्रत्येक सुधारणेबरोबर माणूस आणि दोर यांच्या मध्ये एखादे उघडणारे दार वाढत गेले. या व्यवसायाने वेगाची किंमत त्या दारांनी मोजली आहे.

दारांचा पहिला मोठा धडा स्नॅप हुकने दिला. जुन्या स्नॅप हुकला कुलूप नव्हते, स्प्रिंगवर मिटणारी जीभ तेवढी होती. तो हार्नेसच्या डी-रिंगमध्ये अडकवलेला असे. दोर सैल पडून हुक पिळला गेला आणि रिंगची कड बाहेरून जिभेवर टेकली, तर पुढचा झटका त्या जिभेलाच आत ढकलतो आणि हुक रिंगमधून निसटतो. कोणी हात लावलेला नसतो, काही तुटलेले नसते. जमिनीवर आणून पाहिला तर हुक अगदी धडधाकट. इंग्रजीत याला रोल-आउट म्हणतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याने बांधकामासाठी १९९४ मध्ये केलेल्या नियमांत म्हणूनच लिहिले की १ जानेवारी १९९८ पासून फक्त कुलूप असलेलेच स्नॅप हुक चालतील. तेवढ्यानेही भागले नाही. कुलूप लागलेले असले तरी जिभेवर बाजूने जोर आला तर तीच आधी मोडते, हे लक्षात आल्यावर पडणे रोखणाऱ्या साधनांच्या अमेरिकन मानकाने २००७ मध्ये गेटने सोसायचा भार २२० पौंडांवरून (बाजूने ३५० पौंडांवरून) थेट ३,६०० पौंडांवर नेला. हुकचा आकडा हजारोंत आणि त्याच्या दाराचा शेकड्यात, ही विसंगती इतकी वर्षे चालली, याचे मला अजूनही नवल वाटते.

झाडकामासाठी अमेरिकेत वेगळे मानक आहे, झेड१३३. त्याची सुरुवात १९६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेंटेड पोस्ट गावच्या एका आईच्या मागणीतून झाली. तिचा मुलगा झाडाची छाटणी करताना गेला होता. पहिली आवृत्ती १९७२ मध्ये निघाली. आज हे मानक सांगते की चढणाऱ्याचा कॅरॅबिनर आपोआप मिटणारा आणि आपोआप कुलूप लागणारा हवा, आणि उघडायच्या आधी कुलूप सोडण्यासाठी एकामागून एक अशा किमान दोन मुद्दाम केलेल्या हालचाली लागायला हव्यात. युरोपचे ईएन ३६२ हे औद्योगिक मानक थोडे सैल आहे. तेही एकामागोमाग दोन मुद्दाम हालचाली मागते, पण दिवसातून फारसा काढघाल होत नाही अशा ठिकाणी हाताने फिरवायचे स्क्रूचे कुलूप चालवून घेते.

आता कुलपांकडे वळू. स्क्रूगेटमध्ये एक नळी आटे फिरवून नाकावर, म्हणजे गेट जिथे मिटते त्या टोकावर, चढवायची असते. स्वस्त, साधे, राळेला आणि धुळीला पुष्कळ पुरून उरणारे. पण ते माणसाने आठवणीने लावावे लागते, आणि लावल्यावरही सैल दोराच्या घासण्याने किंवा सततच्या कंपनाने हळूहळू सुटू शकते. काही उत्पादक नळी उघडी असताना दिसणारा लाल पट्टा देतात. तो उपयोगी आहे, पण पट्टा पाहायला मान वळवावी लागते, आणि डोक्यावर फांदी असताना ती वळतेच असे नाही. दोन हालचालींच्या कॅरॅबिनरमध्ये नळी पाव वळसा फिरवली की गेट आत ढकलता येते. सोडताच दोन्ही आपोआप परत बसतात. हातात धरून पाहिले तर ते भक्कम वाटते. झाडावर मात्र धावता दोर नळीवरून गेला, किंवा डहाळी नळीला घासत गेली, तर फिरवणे आणि ढकलणे या दोन्ही हालचाली एकाच झटक्यात होऊ शकतात. नळी फिरायला आणि गेट दबायला लागणारी दिशा जवळपास एकाच ओढीत मिळते, हा त्या रचनेतला मूळ दोष आहे.

तीन हालचालींच्या कुलपात या दोन्ही हालचालींच्या आधी आणखी एक येते. काहींत नळी आधी वर किंवा खाली सरकवायची, मग फिरवायची, मग गेट ढकलायचे. काहींत बारीक गोळा अंगठ्याने दाबायचा आणि मगच नळी फिरते. वेल्समधल्या लानबेरिसची डीएमएम आणि फ्रान्समधल्या क्रोलची पेट्झल या कंपन्यांनी अशी कुलपे झाडकामगारांत रुळवली. चालता दोर फिरवू शकतो, ढकलू शकतो. पण आधी वर उचलणे, मग फिरवणे आणि मग ढकलणे हे तिन्ही क्रमाने त्याच्याकडून होणे फार कठीण. माणसाच्या अंगाशी, म्हणजे हार्नेसच्या मुख्य जोडणीवर आणि आधारदोरावर, तीन हालचालींपेक्षा कमी काहीच नको, असे माझे स्पष्ट मत आहे. स्क्रूगेटची जागा हत्यारे टांगण्याला, किंवा दिवसभर न हलणाऱ्या, डोळ्यांसमोर असणाऱ्या जोडणीला.

तीन हालचालींचे कुलूपही फसते, आणि या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. ते कुलूप चालते ते बारीक स्प्रिंगांवर. पाइन, स्प्रूस अशा झाडांची राळ नळीत शिरली, तिच्यावर भुसा बसला, की नळी अर्ध्यावर अडकते. गेट मिटते, पण कुलूप लागत नाही. थंडीत राळ घट्ट होते तेव्हा तर हे आणखी सहज घडते. सवयीने ऐकलेला ‘टक्’ आवाज गेटचा असतो, नळीचा नव्हे. दोन्ही आवाज इतके जवळचे असतात की कान फसतात. म्हणून जाणते चढणारे कानावर विसंबत नाहीत. ते कॅरॅबिनर मुठीत घेऊन गेट दाबून पाहतात. दबले नाही तर कुलूप लागले. ही एक सेकंदाची कृती आहे. कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुणे, पूर्ण वाळवणे आणि मग कोरडे वंगण लावणे ही त्याची निगा. तेल टाकले तर ते भुसा धरून ठेवते आणि उलट त्रास वाढतो.

दुसरा धोका कॅरॅबिनरच्या बाहेरचा आहे. हार्नेसच्या कमरेला करवत, छोटी आरी, दोरीची पिशवी टांगण्यासाठी प्लॅस्टिकचे किंवा पातळ पट्टीचे फास असतात. ते काही किलोंसाठी बनवलेले असतात. आधारदोर घाईत, न पाहता बाजूच्या डी-रिंगमध्ये लावताना तो त्या फासात लागला, तर कुलूप अगदी निर्दोष लागते. मुठीत दाबून पाहिले तरी चाचणी पास होते. मागे झुकले की फास तुटतो. अशाच जातीचा एक प्रसंग कड्यावर घडला आहे. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ऑर्पियर इथे झालेल्या अपघातात बारा वर्षांच्या एका इटालियन मुलाचा जीव गेला, कारण तो वापरत असलेल्या क्विकड्रॉमधले, म्हणजे दोन टोकांना कॅरॅबिनर असलेल्या छोट्या पट्टीतले, कॅरॅबिनर पट्टीत न ओवता तिला नुसते जागेवर धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यात अडकवलेले होते. बाहेरून सारे नीट दिसत होते. झाडकामातही कॅरॅबिनर फिरू नये म्हणून रबर किंवा पिना वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण रबराच्या आत पट्टी किंवा दोराचा डोळा, म्हणजे टोकाशी केलेला वेढा, खरोखर कॅरॅबिनरमधून गेला आहे का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रबर लावू नये.

कुलूप आणि बाहेरचा भाग दोन्ही ठीक असले तरी बसणे बिघडू शकते. रुंद पट्टी किंवा तीन गोष्टी एका कॅरॅबिनरमध्ये घातल्या की भार तीन दिशांना फाकतो. सैल पडलेला कॅरॅबिनर फिरून आडवा झाला की लांबीच्या दिशेच्या मोठ्या आकड्याऐवजी ७-८ किलोन्यूटनचा आकडा लागू होतो. माणसाच्या लटकण्याला तेवढा पुरतो, पण सैल दोरावर पडण्याला पुरेल असे समजू नये. गेटचे नाक दोराच्या डोळ्यात अर्धवट अडकून भार थेट नाकावर आला, तर कॅरॅबिनर त्याच्या नेहमीच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच वाकू शकतो. म्हणून नाकाला खाच नसलेले, गुळगुळीत मिटणारे गेट हवे, आणि मुख्य जोडणीत शक्यतो एका टोकाला दोर घट्ट धरणारा डोळा हवा, म्हणजे फिरण्याला वावच उरत नाही.

या साऱ्यात सर्वांत कमी लक्ष जाते ते वरच्या, नजरेआडच्या जोडणीकडे. हल्ली अनेक जण फांदीवरून फिरून परत येणाऱ्या चालत्या दोराऐवजी स्थिर दोरावर चढतात. दोर जमिनीवरून फेकून वरच्या फांदीवर नेतात आणि एक टोक फांदीभोवती फास करून घट्ट करतात. तो फास कॅरॅबिनरने केला, तर कॅरॅबिनर दहा-पंधरा मीटर वर, पानांत, फांदीला दाबून बसतो. फांदीची गोलाई त्याला पाठीमागून ढकलते, म्हणजे त्याच्यावर तरफेसारखा भार येतो. गेट सालीवर घासते. आणि तो पाहणारा कोणी नसतो. तिथे मला तीन हालचालींचे कुलूपही पुरेसे वाटत नाही. तिथे पाना वापरून आवळायची स्क्रूची कडी, किंवा त्याहून बरे म्हणजे दोराची सरकती गाठ हवी. दुसरी पद्धत अशी की दोर वरच्या फांदीवरून परत खाली आणून बुंध्याला बांधायचा. तिच्यात जोडणी डोळ्यांसमोर राहते, पण वरच्या फांदीवर माणसाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, हे लक्षात ठेवूनच फांदी निवडावी लागते.

एकच जोडणी असेल तर एकच चूक पुरते. म्हणून अमेरिकन मानक झाडावर यंत्रकरवत चालवताना माणूस दोन स्वतंत्र आधारांनी बांधलेला असावा, असे सांगते. ब्रिटनमध्ये २००५च्या उंचीवरच्या कामाच्या नियमांनी दोरावरच्या कामाला स्वतंत्रपणे बांधलेले दोन दोर मागितले होते. झाडकामाच्या व्यवसायाने ते पूर्णपणे स्वीकारायला २०१९-२०पर्यंतचा काळ घेतला, आणि तिथल्या अनुभवी लोकांत त्यावर तीव्र वाद झाला. दोन दोरांचा गुंता, दोनदा काढघाल, वाढलेला वेळ, हे आक्षेप खोटे नाहीत. तरीही मी दोन दोरांच्या बाजूचा आहे, विशेषतः जागा बदलताना. जुनी जोडणी काढण्याआधी नव्या जोडणीवर पूर्ण वजन टाकून पाहायचे, आणि मगच जुनीला हात लावायचा, ही शिस्त दोन दोरांनी आपसूक येते. चुकीच्या फासात लागलेला आधारदोर याच एका कृतीत, दुसरा आधार अजून हातात असताना, उघडा पडतो. ब्रिटनमध्ये माणसाला उचलणाऱ्या साधनांची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करणे १९९८च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्या तपासणीत दोराने पाडलेली खाच, रिव्हेटांतली हालचाल, गंज पाहतात, आणि गेट वेगवेगळ्या कोनांतून सोडले तर स्वतःहून पूर्ण मिटते का तेही.

आपल्याकडे झाडावर चढणे ही फार जुनी विद्या आहे. कोकणातले भंडारी, गोव्यातले पाडेली आणि रेंदेर माडावर चढतात ते पायांत दोरीचा वेढा घालून, हातापायांच्या जोरावर. त्यांच्या पद्धतीत उघडणारे दार नाही आणि आधारही नाही. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळातून नारळ चढण्याच्या यंत्राचे प्रशिक्षण सुरू केले. त्या यंत्रातही कमरेचा सुरक्षापट्टा वेगळा लावावा लागतो, आणि तो लावण्याचा कंटाळा हीच त्यातली मोठी अडचण. शहरांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी जोरात चालते. महाराष्ट्राचा १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा फांदी तोडायला परवानगी मागतो. त्याचा विषय झाड आहे. फांदीवर बसलेल्या माणसाच्या कमरेला पुष्कळदा काथ्याची किंवा नायलॉनची दोरी असते. हार्नेस असलाच तर तो बांधकामावरचा असतो, मोठ्या तोंडाचे स्कॅफोल्डिंगचे हुक असलेला. तो परांचीच्या पाइपला अडकवण्यासाठी आणि पडणे रोखण्यासाठी बनवला आहे. दिवसभर त्याच्यावर बसून, फांदीभोवती टाकून, पुन्हा पुन्हा काढघाल करण्यासाठी तो नाही. औद्योगिक सुरक्षापट्ट्यांसाठी आपले आयएस ३५२१ हे मानक आहे, आणि आपोआप मिटणाऱ्या व कुलूप लागणाऱ्या जोडण्यांसाठी आयएसओ १०३३३चा पाचवा भाग आहे. झाडकामासाठी वेगळे, मराठीत लिहिलेले मार्गदर्शन मात्र हवेच आहे. कोकणपट्टीत त्यात एक कलम वाढवावे लागेल: खारट हवेने ॲल्युमिनियमच्या नळ्यांतल्या स्प्रिंगा लवकर आखडतात, त्यामुळे तिथे धुणे आणि तपासणे जास्त वेळा हवे.

सह्याद्रीत दोरावर हयात घालवलेले अनेक गिर्यारोहक आता शहरांत झाडे छाटण्याचे कामही घेतात, आणि त्यांच्याकडे कॅरॅबिनर हाताळण्याचा पुष्कळ अनुभव आहे. त्यांना माझी विनंती आहे की कड्यावरचे स्क्रूगेट झाडावर कमरेशी वापरू नका. आणि ज्यांच्या अंगणात किंवा सोसायटीत पावसाळ्याआधी छाटणी होणार आहे, त्यांना इतकेच सांगणे आहे: दरपत्रक मागवताना चढणाऱ्या माणसाचा हार्नेस, तीन हालचालींचे कुलूप असलेले कॅरॅबिनर आणि दुसरा आधारदोर यांचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून मागा, तो द्या, आणि काम सुरू होण्याआधी ती साधने जमिनीवर पाहून घ्या.